बोलायला आणलेलं एआय: विक्री विभागाच्या प्रकल्प नोंदी

६ जानेवारी २०२५

वरून आलेला आदेश एका ओळीचा: "विक्री आणि मार्केटिंगमध्ये एआय लावा, तीन महिन्यांत दाखवा." काय लावायचं, कुठं, कशासाठी, ते सगळं माझ्यावर. आम्ही गोदामांचा साठा सांभाळणारं सॉफ्टवेअर विकतो. ग्राहक म्हणजे दुसऱ्या कंपन्या, आणि एक डील पिकायला चार-पाच महिने लागतात. विक्रीत ११ जण, मार्केटिंगमध्ये ४, डेटाचं बघणारा एक पोरगा आणि मी.

आज सगळ्यांना एकेकटं गाठून विचारलं, सध्या कोण काय वापरतंय. बैठकीत विचारलं असतं तर "कुणीच नाही" हेच उत्तर मिळालं असतं. एकेकटं गाठल्यावर ११ पैकी ७ जणांनी कबुली दिली, तीही आपापल्या खासगी खात्यावरून वापरत असल्याची. चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ ला लोकांसाठी खुलं झालं. म्हणजे आम्ही 'लावायचं' ठरवलं तोवर ते दोन वर्षं घरात येऊन बसलेलंच होतं. एकानं तर ग्राहकाचा अख्खा करार त्यात टाकून "सोप्या भाषेत सांग" म्हटलं होतं. त्याला ओरडले नाही, नाहीतर उद्यापासून कुणी काही सांगणार नाही. पण पहिला नियम त्यावरूनच ठरला: ग्राहकाचं नाव, दर, करार, फोन नंबर खासगी खात्यात टाकायचे नाहीत. कंपनीचं खातं या आठवड्यात घ्यायचं, आणि आपला मजकूर मॉडेल शिकवायला वापरणार नाही हे त्याच्या अटींत स्पष्ट लिहिलेलं हवं.

सगळ्यांना आणखी एक काम दिलं. पाच दिवस, दर अर्ध्या तासाला, वेळ कुठं गेला ते लिहायचं.

१४ जानेवारी

वेळेचे कागद आले. दादांच्या कागदावर चार दिवस कोरे आणि पाचव्या दिवशी "काम केलं." (दादा म्हणजे आमचे सगळ्यात जुने विक्री प्रतिनिधी. वयानं आणि विक्रीनंही.)

बाकीच्यांचे कागद मात्र बोलके निघाले. ग्राहकाशी प्रत्यक्ष बोलण्यात जाणारा वेळ सगळ्यांच्याच अंदाजापेक्षा कमी. दिवस खाणाऱ्या गोष्टी वेगळ्याच: सीआरएममध्ये (ग्राहक आणि डील यांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर) नोंदी, जुनी मेल शोधणं, कोटेशनची तीच ती आवृत्ती पुन्हा तयार करणं, आणि डेमोच्या आधी "या कंपनीशी आपलं मागं काय बोलणं झालं होतं?" हे शोधत बसणं. मला वाटलं होतं लोक मेल लिहिण्यात अडकतात. लोक अडकतात ते आठवण्यात.

हे लिहून ठेवते, पण उद्यापासून सुरुवात मेलपासूनच करायची आहे. मार्केटिंगच्या मॅडमना तेच हवंय आणि साहेबांना दाखवायला तेच सोपं.

२० जानेवारी

कोल्ड मेलचे, म्हणजे ओळख नसलेल्या ग्राहकाला पाठवायच्या पहिल्या मेलचे मसुदे. पहिले वीस वाचले आणि कंटाळा आला. व्याकरण चोख, सूर नम्र, आणि आत काहीच नाही. "आपल्या व्यवसायाच्या वाढत्या गरजा लक्षात घेता..." दादांनी एक वाचला, कागद उलटा ठेवला आणि विचारलं, "ताई, हे कुणाला पाठवायचंय?" मी कंपनीचं नाव सांगितलं. "नाव काढून शेजारच्याचं घातलं तर चालेल ना?" चाललं असतं.

म्हणून मॉडेलला ग्राहकाची माहिती आधी पुरवायची असं ठरलं. वेबसाइटवरचा मजकूर, बातम्या, आमच्याकडची जुनी नोंद. मसुदे लगेच सुधारले. मग अकराव्या मसुद्यात मॉडेलनं एका कंपनीचं नव्या गोदामाबद्दल अभिनंदन केलं. गोदाम खरंच नवं होतं, पण दुसऱ्या कंपनीचं. नावं सारखी. पाठवलं असतं तर त्या माणसानं पहिल्याच ओळीत आम्हाला ओळखलं असतं.

आता प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे मॉडेलला द्यायच्या सूचनेत, सक्ती: ग्राहकाबद्दलचं प्रत्येक विधान कुठून घेतलं ते मसुद्याखाली मूळ वाक्यासकट द्यायचं. वाक्य नसेल तर विधान कापायचं. आणि पाठवणाऱ्यानं ते मूळ वाक्य उघडून वाचायचं. या शेवटच्या भागाला कुरकुर झाली, कारण वाचलेल्या वेळातला निम्मा वेळ तपासण्यात जातो. जाऊ दे.

२८ जानेवारी

मॅडमचा प्रस्ताव: मसुदे मिनिटात होत असतील तर दहापट मेल का पाठवू नयेत?

हे आकड्यांनिशी नाकारावं लागलं. फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहूनं मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांचे नियम कडक केलेत. जीमेलच्या खात्यांना दिवसाला ५,००० च्या वर मेल पाठवणाऱ्याला एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क (पाठवणारा खरा आहे हे पटवणाऱ्या तांत्रिक खुणा) हे तिन्ही लावावे लागतात, जाहिरातीच्या मेलमध्ये एका क्लिकवर अनसबस्क्राइब द्यावं लागतं, आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवाव्या लागतात. ०.३ टक्के म्हणजे हजारात तीन माणसं. हजारातल्या तिघांनी वैतागून 'स्पॅम' दाबलं की आपलं डोमेन संशयात, आणि मग दादांचं साधं कोटेशनसुद्धा ग्राहकाच्या स्पॅममध्ये जाऊन पडणार. आपण ५,००० च्या आसपासही नाही, पण चांगल्या डोमेनचं नाव खराब व्हायला आकडा मोठा लागत नाही.

मॅडम समजूतदार आहेत. म्हणाल्या, "मग दहापट नको, विषयाच्या ओळी तरी त्याच्याकडून घेऊ. मागच्या आठवड्यात ओपन रेट केवढा वाढला बघ."

ओपन रेटची गंमत अशी की मेल उघडलं हे कळतं ते त्यातल्या एका अदृश्य चित्रामुळं. चित्र लोड झालं की उघडलं असं धरायचं. ॲपलनं सप्टेंबर २०२१ मध्ये आयओएस १५ बरोबर मेलमध्ये गोपनीयतेची सोय दिली. ती चालू असली की चित्रं आधीच परस्पर लोड होतात, माणसानं मेल बघितलं असो वा नसो. म्हणजे आपल्या यादीत आयफोनवाले जास्त, तेवढा ओपन रेट फुगलेला. मागच्या आठवड्याची यादी कुठून आली होती ते तपासलं: एका परिषदेतल्या वरिष्ठ अधिकाऱ्यांची. विषयाच्या ओळीचा त्यात काय वाटा, देव जाणे.

३ फेब्रुवारी

मग दोन विषयओळींची रीतसर चाचणी घेऊ, असं ठरलं. अर्ध्यांना माणसाची ओळ, अर्ध्यांना मॉडेलची, आणि मोजायची उत्तरं. डेटावाल्या पोरानं हिशोब मांडला. सध्या शंभरात ३ जण उत्तर देतात. ते ४ झाले हे खात्रीनं म्हणायचं, नेहमीच्या कसोटीवर (नसलेला फरक चुकून दिसण्याची शक्यता ५ टक्के, असलेला सापडण्याची ८० टक्के), तर प्रत्येक गटात सुमारे ५,३०० मेल लागतात. आम्ही महिन्याला पाठवतो १,२००. म्हणजे निकाल कळायला नऊ महिने. तोवर उत्पादन बदलेल, यादी बदलेल, बहुधा मॉडेलही बदललेलं असेल.

चाचणी रद्द. विषयओळ ज्याच्या हाताला बरी वाटेल त्यानं लिहावी. विषयओळी सुचवणाऱ्या साधनाचं सदस्यत्व महिनाअखेरीस बंद करणार. पोरगा थोडा खट्टू झाला, त्यानं तक्ता सुरेख केला होता.

५ फेब्रुवारी

कॉल ऐकून विश्लेषण करणाऱ्या साधनाचा डेमो. विकायला आलेल्यानं पडद्यावर एक काटा दाखवला: प्रतिनिधीच्या आवाजातून त्याचा 'उत्साह' आणि 'ताण' मोजणारा. आमच्या बाजूचे सगळे एकदम गप्प झाले.

तीनच दिवसांपूर्वी, २ फेब्रुवारीला, युरोपीय संघाच्या एआय कायद्यातल्या मनाईच्या तरतुदी लागू झाल्या. कामाच्या ठिकाणी कर्मचाऱ्याच्या आवाजावरून किंवा चेहऱ्यावरून भावना ताडणारी यंत्रणा त्यात बसते; वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणं तेवढी वगळली आहेत. तो कायदा आम्हाला लागू आहे की नाही हा प्रश्न मी काढलाच नाही. एवढंच विचारलं की हा काटा बंद करता येतो का. येतो. बंद केला. मग लोक परत बोलायला लागले.

कॉलचा मजकूर उतरवणं आणि सारांश, एवढंच घेणार. कॉलच्या सुरुवातीला ग्राहकाला रेकॉर्डिंगचं सांगायचं. नको म्हणाला तर बंद, आणि त्यावर वाद नाही.

१२ फेब्रुवारी

लीड स्कोअरिंग. लीड म्हणजे संभाव्य ग्राहकाची चौकशी; कुठली आधी धरावी हे आकड्यानं ठरवायचं. ही कल्पना जुनीच. सेल्सफोर्सनं आइन्स्टाइन नावानं असल्या सोयी २०१६ मध्ये आणल्या, आणि त्याच्या आधीपासून लोक ठोकताळ्यानं गुण देत आलेत: मोठी कंपनी दहा गुण, दरपत्रक मागितलं तर वीस. आता फरक एवढाच की गुण माणूस ठरवत नाही, जुन्या डीलांवरून मॉडेल ठरवतं.

पोरानं तीन वर्षांच्या डीलांवर मॉडेल बसवलं. संध्याकाळी धावत आला. कुठली डील जिंकणार हे जवळजवळ प्रत्येक वेळी बरोबर. मी म्हटलं, शांत हो. आमच्या दादांनासुद्धा तिसऱ्या डेमोपर्यंत कळत नाही कोण घेणार ते. यंत्राला पहिल्या दिवशी कळतंय तर कुठंतरी पेपर फुटलाय.

१३ फेब्रुवारी

पेपर फुटलाच होता.

मॉडेल कुठल्या रकान्यावर सगळ्यात जास्त विसंबतंय ते काढलं. 'तांत्रिक संपर्क व्यक्ती'. हा रकाना भरला असेल तर डील जिंकलेली, कोरा असेल तर गेलेली. कारण साधं. तो रकाना आमची इन्स्टॉलेशनवाली मंडळी भरतात, करारावर सही झाल्यानंतर. मॉडेलला भविष्य दिसत नव्हतं, उत्तरपत्रिका दिसत होती.

रकाना काढला. अचूकता खाली आली, तरी अजून संशयास्पद. पुढचा चोर: 'एकूण कॉल'. जिंकलेल्या डीलांत कॉल जास्तच असणार, शेवटपर्यंत गेल्या म्हणून. आता प्रत्येक डीलचं फक्त पहिल्या दोन आठवड्यांपर्यंतचं चित्र घ्यायचं. त्यानंतर काय घडलं ते मॉडेलला दाखवायचंच नाही. हे सांगायला एक वाक्य लागतं, करायला पोराचा अख्खा दिवस गेला, कारण सीआरएम आजची स्थिती ठेवतं, कालची नाही. रकाना कधी बदलला याचा इतिहास वेगळ्या तक्त्यात, आणि तोही अर्धवट.

तिसरी गोष्ट सापडली ती मात्र चूक म्हणावी की सत्य, यावर आम्ही तासभर भांडलो. मॉडेल प्रतिनिधीच्या नावावर विसंबत होतं. दादांची लीड म्हणजे वर, नव्या मुलीची लीड म्हणजे खाली. आकड्यांनी बघितलं तर बरोबरच, दादा जास्त जिंकतात. पण दादांना चांगल्या लीड आधी मिळतात हेही सगळ्यांना ठाऊक आहे. हा स्कोअर वापरून लीड वाटल्या असत्या तर नव्या मुलीला खालच्या लीड, त्यामुळं तिची हार, त्यामुळं पुढच्या वर्षी तिच्या लीडचा स्कोअर आणखी खाली. मॉडेलनं कालची वाटणी उद्याचा नियम करून टाकली असती. नाव काढलं.

उरलं काय? चौकशी कुठून आली, कंपनीकडं किती गोदामं आहेत, आणि पहिल्या मेलमध्ये दुसऱ्या कुठल्या सॉफ्टवेअरशी जोडणीबद्दल विचारलं होतं का. अचूकता आता माणसाळलेली: नाणं उडवण्यापेक्षा बरी, दादांपेक्षा कमी. वापर एवढाच की सोमवारी सकाळी यादी कुठल्या क्रमानं उचलायची ते ठरवणं. स्कोअर कमी म्हणून कुणाला फोनच करायचा नाही, असं होऊ द्यायचं नाही.

२४ फेब्रुवारी

वेबसाइटवर चॅटबॉट. बैठकीत सुरुवातीलाच एक खटला सांगितला. एअर कॅनडाच्या वेबसाइटवरच्या बॉटनं आजी वारलेल्या एका प्रवाशाला सांगितलं की शोकप्रसंगीची भाड्यातली सवलत प्रवासानंतरही, तिकीट काढल्यापासून ९० दिवसांत मागता येते. कंपनीचा खरा नियम तसा नव्हता. प्रकरण कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या लवादापुढं गेलं. तिथं कंपनीनं मांडलेल्या बाजूचा अर्थ असा निघत होता की बॉटच्या बोलण्याची जबाबदारी बॉटवरच. फेब्रुवारी २०२४ मध्ये लवादानं ते फेटाळलं: वेबसाइट तुमची, तर तिच्यावरचं सगळं बोलणं तुमचं. भरपाई द्यावी लागली.

त्याच्या दोनेक महिने आधी अमेरिकेत एका मोटारविक्रेत्याच्या बॉटला कुणीतरी बोलण्यात गुंगवून एका डॉलरला गाडी "कायदेशीर बंधनकारक" म्हणून कबूल करायला लावली होती. यावर सगळे हसले. एअर कॅनडाच्या वेळी कुणी हसलं नव्हतं.

तेव्हा आमचा बॉट दर, सवलत आणि तारीख या तिन्हीबद्दल बोलणार नाही, माणसाकडं सोपवणार. बाकी उत्तरं आमच्याच कागदांतून. प्रश्न आला की आधी कागदांतले जुळणारे उतारे शोधायचे, ते मॉडेलपुढं ठेवायचे आणि त्यातूनच उत्तर लिहायला लावायचं. या रीतीला २०२० मधल्या एका शोधनिबंधानं 'रिट्रीव्हल-ऑगमेंटेड जनरेशन' असं नाव दिलं आणि आता तिचं आद्याक्षरी रूप, रॅग, सगळ्या विक्रेत्यांच्या तोंडी आहे.

दुपारी चाचणी घेतली. विचारलं, एका परवान्यात किती वापरकर्ते? उत्तर: २५. चूक, दोन वर्षांपासून ५० आहेत. बॉटला फैलावर घ्यायला निघालो तर उताऱ्याखाली माहितीपत्रकाचं नाव होतं. आमचंच. 'अंतिम', 'अंतिम_नवीन' आणि 'अंतिम_हेच_वापरा' अशा तीन फाइली शेजारी शेजारी, आणि बॉटनं पहिली उचलली. तो खोटं बोलला नव्हता, आमचं जुनं खरं सांगत होता.

बॉट लांबणीवर. आधी फोल्डर साफ करायचं. याला एआयचं काम म्हणायचं की झाडलोट, ते अहवालात बघू.

६ मार्च

कॉलचे सारांश सुरू होऊन दोन आठवडे. या कामाकडून मला फार अपेक्षा नव्हत्या, आणि पहिल्या चार दिवसांत त्या आणखी खाली गेल्या.

मजकूर उतरवताना पहिली अडचण शांततेची. आवाजाचा मजकूर करणारी मॉडेलं कधीकधी न बोललेलं लिहितात. ओपनएआयचं व्हिस्पर सप्टेंबर २०२२ मध्ये ६,८०,००० तासांच्या ध्वनिफितींवर शिकून आलं, तरी बोलण्यात लांब खंड पडला की त्यात भलतीच वाक्यं उगवतात, हे संशोधकांनी दाखवून दिलंय. आमचं साधन नेमकं काय वापरतं ते कळत नाही, पण लक्षण तेच. ग्राहक फाइल आणायला उठला आणि सारांशात आलं, "ग्राहकानं आभार मानले." खुर्ची तेवढी करकरली होती.

दुसरी अडचण जास्त खोल. एका सारांशात होतं: "ग्राहक पुढील आठवड्यात निर्णय घेण्यास तयार." कॉल दादांचा. दादांनी वाचून कपाळाला हात लावला. मूळ फीत काढली. ग्राहकाचं वाक्य: "पुढच्या आठवड्यात बघू."

'बघू' म्हणजे काय हे मराठीत वाढलेल्या पोरालाही कळतं. लहानपणी आईनं "बघू" म्हटलं की सहल रद्द. पण मॉडेलला त्यात क्रियापद दिसलं, कालमर्यादा दिसली, आणि त्यानं होकार लिहून टाकला. मग आम्ही बसून यादी केली: "बघू", "कळवतो", "वर बोलून सांगतो", "तुम्ही पाठवून ठेवा", "हरकत नाही पण", "तसं काही नाही". एकेकाचे तीन-तीन अर्थ, आणि कुठला धरायचा ते सुरावर. प्रॉम्प्टमध्ये हे अर्थ घालून बघितले. मॉडेल आता उलट्या टोकाला गेलं. एका ग्राहकाला खरंच वर बोलायचं होतं, त्याचा त्यानं नकार केला.

शेवटी मार्ग सापडला तो अर्थ न लावण्याचा. सारांशात ग्राहकाची बांधिलकी, शंका किंवा नकार असेल तिथं मॉडेलनं मत द्यायचं नाही. ग्राहकाचे शब्द जसेच्या तसे, अवतरणात, शेजारी मिनिट-सेकंद. अर्थ प्रतिनिधीनं लावायचा. त्या सेकंदावर क्लिक केलं की आवाज ऐकू येतो. एवढ्या बदलानं सारांश वापरण्याजोगे झाले. सारांश वाचत बसावं लागत नाही, हवी ती जागा ऐकता येते.

१४ मार्च

आजची नोंद लांब होणार.

सीआरएममध्ये हरलेल्या डीलचं कारण निवडायची यादी आहे. तिच्यात बहुतेकांचं कारण 'किंमत जास्त'. वर्षानुवर्षं त्या तक्त्यावर बैठका झाल्यात, सवलती दिल्यात. कुणाच्या लक्षात आलं नव्हतं (माझ्याही) की 'किंमत जास्त' हा यादीतला पहिला पर्याय आहे. महिनाअखेरीला हरलेल्या डीला एका झपाट्यात बंद करताना बोट पहिल्यावर पडतं.

आता रेकॉर्डिंग हातात होती, म्हणून एक प्रयोग केला. मॉडेलला 'डील का गेली' असं विचारलंच नाही, कारण त्यानं छान गुळगुळीत कारण रचून दिलं असतं. सांगितलं एवढंच: ग्राहकानं विचारलेला प्रत्येक प्रश्न जसाच्या तसा काढ, कॉलमध्ये कितव्या मिनिटाला विचारला तेही लिही. ४० कॉल. त्यातले १० मी आणि पोरानं मिळून पूर्ण ऐकले आणि यादीशी ताडून बघितले. दोन प्रश्न सुटले होते, एक प्रतिनिधीचा प्रश्न ग्राहकाच्या नावावर गेला होता. चालण्यासारखं.

मग त्या प्रश्नांचे गठ्ठे केले. किंमतीचा प्रश्न बहुतेक कॉलमध्ये आहेच, पण शेवटी शेवटी. त्याच्या खूप आधी, पहिल्या पाच-दहा मिनिटांत, वेगवेगळ्या शब्दांत एकच काळजी येते. "आमचा जुना डेटा कोण हलवणार?" "एक्सेलमध्ये आहे सगळं, त्याचं काय?" "मोजणी बंद ठेवावी लागेल का?" "किती दिवस दोन्हीकडं लिहायचं?" आणि आमचे प्रतिनिधी, दादा धरून, या प्रश्नाला दर वेळी एकच उत्तर देतात: "त्याची काळजी करू नका, आमची टीम करते." की पुढची स्लाइड.

मी ते सलग ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला. माणूस घाबरून विचारतोय, आणि आपण त्याला वैशिष्ट्यं दाखवतोय. आमच्या प्रपोजलमध्ये डेटा हलवण्याबद्दल पान ९ वर एक ओळ आहे.

यातून डील त्याचमुळं जातात असं सिद्ध होत नाही. जिंकलेल्या कॉलमध्येही तो प्रश्न आहे. पण जिंकलेल्यांपैकी बऱ्याच ठिकाणी इन्स्टॉलेशनचा माणूस दुसऱ्या कॉलला हजर होता. ४० कॉलवर यापेक्षा जास्त म्हणणार नाही.

१९ मार्च

डेटा हलवण्यावर एक पान तयार झालं. मॉडेलनं इन्स्टॉलेशनच्या जुन्या नोंदींवरून मसुदा केला: पहिल्या दिवशी काय, चौथ्या दिवशी काय, मोजणी कधी थांबते, कधी नाही. इन्स्टॉलेशन प्रमुखांनी तो तीनदा लाल केला. एका ठिकाणी समासात लिहिलं, "हे असं कधीच होत नाही." मॉडेलनं दोन ग्राहकांच्या नोंदी जोडून तिसराच क्रम रचला होता, वाचायला अगदी पटणारा.

हरण्याच्या कारणांची यादी बदलली. पर्यायांचा क्रम दर वेळी वेगळा येतो आणि खाली एक ओळ लिहिणं सक्तीचं. पहिल्याच दिवशी तिघं त्या ओळीत पूर्णविराम टाकून पुढं गेले.

२६ मार्च

सगळ्यात जास्त वापर कुणाचा असेल? दादांचा. ग्राहकाकडून बाहेर पडले की गाडीत बसून दोन मिनिटं फोनशी बोलतात, आणि मॉडेल त्यातून सीआरएमची नोंद, पुढची तारीख आणि इन्स्टॉलेशनला विचारायचे प्रश्न काढून ठेवतं. ज्या माणसानं पाच दिवसांच्या कागदावर "काम केलं" लिहिलं होतं, त्याच्या नोंदी आता सगळ्यात भरगच्च. टंकलेखन नको होतं इतकंच. आम्ही इतकी वर्षं त्याला शिस्तीचा प्रश्न समजत होतो.

उलटी गोष्ट नव्या मुलीची. तिच्या मेल उत्तम जातात, फॉलो-अप वेळेवर. काल ग्राहकानं बैठकीत तिच्याच मेलमधलं एक वाक्य वाचून दाखवलं, "याचा नेमका अर्थ काय?" तिला सांगता येईना. वाक्य मॉडेलचं होतं, बरोबरही होतं, पण तिचं नव्हतं. बाहेर आल्यावर ती रडकुंडीला आली होती. चूक तिची नाही. आम्ही तिला उत्पादन शिकवायच्या आधी साधन दिलं. आता नव्या माणसानं पहिले दोन महिने मेल हातानं लिहायची. मॉडेलनं फक्त प्रश्न विचारायचे: हे कुणाला, कशासाठी, पुरावा काय.

२ एप्रिल

वरिष्ठांपुढं सादरीकरण. "उत्पादकता किती टक्के वाढली?" हा प्रश्न येणार हे ठाऊक होतं.

पुन्हा पाच दिवसांचे वेळेचे कागद घेतले होते. नोंदी भरणं आणि जुनं शोधणं यांचा वेळ स्पष्टपणे घटलाय. मेल लिहिण्याचा वेळ जवळपास तेवढाच, कारण वाचलेला वेळ तपासणीत जातो. विक्री वाढली का? माहीत असणं शक्यच नाही. जानेवारीत सुरू झालेल्या डीला अजून अर्ध्या वाटेवर आहेत. हे असंच सांगितलं. साहेबांनी विचारलं, अंदाजे एक आकडा देता येईल का, स्लाइडवर टाकायला. म्हटलं, देता येईल, पण पुढच्या वर्षी तोच आकडा टार्गेट होऊन परत येईल. साहेब हसले. आकडा मागायचं थांबले, की पुढच्या बैठकीपर्यंत पुढं ढकललं, ते कळेल.

ठरलं ते असं: विषयओळींचं साधन गेलंच आहे. मेल मसुद्यांचं राहील, वापरणाऱ्यांची संख्या कमी करून. रेकॉर्डिंग आणि प्रश्न काढणं सगळ्यांसाठी. बॉट, फोल्डर साफ होईस्तोवर बंद.

मॅडम बाहेर पडताना म्हणाल्या, "बोलायला आणलं होतं गं, आणि ठेवलं ऐकायला." त्यांना ते थोडं लागलंय. त्यांच्या आठवड्याच्या पोस्ट आणि लँडिंग पेजचे मसुदे अजूनही त्यातूनच निघतात, आणि बरे निघतात. या वहीत त्यावर लिहिण्यासारखं काही घडत नाही, म्हणून लिहिलं नाही.

१० एप्रिल

फोल्डरमध्ये चौथी फाइल सापडली. 'अंतिम_जुने_वापरू_नका'. ती बरोबर निघाली.

दुपारी कॉलची नोंद तपासताना दादांनी स्वतः हातानं दुरुस्त केलेली एक दिसली. सारांशात नियमाप्रमाणं ग्राहकाचे शब्द: "बघू." वेळ १४ मिनिटं ०८ सेकंद. पुन्हा "बघू." ३१ मिनिटं ४० सेकंद. त्याखाली दादांची ओळ:

"पहिलं बघू नेहमीचं. दुसरं डेटाचं पान वाचल्यावरचं, सावकाश म्हणाले. सोमवारी इन्स्टॉलेशनच्या माणसाला घेऊन जातो."